दुसरी पेटी
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



पेटी म्हटली की आपल्याला बाजाची पेटी आठवते. पण दिंडीत दुसरी एक पेटी चालते, औषधाची. ती उचलणाऱ्याला कोणी हार घालत नाही. आज विणेकऱ्यांचा सत्कार झाला, अन्नदात्यांचा झाला. मला थोडा वेळ दिला आहे, तर मी त्या पेटीवाल्यांचं सांगतो.

लांब जायचं नाही. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठी चिमलखेडी गाव आहे. धरणाचं पाणी डोंगरात शिरलेलं, पाडे एकमेकांपासून तुटलेले. तिथली अंगणवाडी कार्यकर्ती रेलू वसावे. २०२० साली करोना आला आणि अलीघाट, दादर या पाड्यांची माणसं रोगाच्या भीतीनं अंगणवाडीकडे यायची बंद झाली. मग पोरांचं वजन कोण करणार? गरोदर बायांना आहार कोण पोचवणार? या बाईनं एका मासेमाराकडून लहानशी नाव मागून घेतली आणि एप्रिलपासून आठवड्यातले पाच दिवस, स्वतः वल्ही मारत, १८ किलोमीटर पाणी कापून जायला लागली. सकाळी अंगणवाडी, दुपारी नाव, घरी यायला संध्याकाळ. वय २७, घरात दोन लेकरं. नावेत आहाराची पाकिटं आणि वजनकाटा. तिकडे तान्ही आणि कुपोषित मिळून २५ बालकं, आणि ७ गरोदर बाया. नाव काठाला लागली की पुढं डोंगर चढायचा तो वेगळाच.

पेपरात आलं, मोठमोठ्यांनी कौतुक केलं. केलं ते चांगलंच. पण कौतुक चार दिवसांचं असतं, रस्ता कायमचा असतो, एवढं मी बोलणारच. नाथमहाराजांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा मी कीर्तनात किती वेळा सांगितली असेल. आता सांगायला लागलो की मला ती नाव दिसते.

दुसरे डॉ. राजेंद्र भारुड. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल्ल समाजाचे. बाप जन्माआधीच गेला. आई मोहाची दारू विकायची, त्यावर घर चाललं. माळकऱ्याला दारूचं नाव तोंडात घेणं जड जातं. पण ‘मी एक स्वप्न पाहिलं’ या पुस्तकात त्यांनी स्वतःच ते लपवलं नाही, तर आपण कशाला लपवू? मुंबईला केईएमच्या कॉलेजात डॉक्टर झाले, मग कलेक्टर होऊन आपल्या जिल्ह्यात आले. पहिली लाट उतरली, लोक म्हणाले सुटलो. हे हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसवत होते. एप्रिल २०२१ ला दुसरी लाट आली, मोठ्या शहरांत सिलिंडरसाठी माणसं रडत फिरली, आणि नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. अंगात डॉक्टर होता म्हणून कलेक्टरला पुढचं दिसलं, असं माझं मत.

तिसरीचं नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. सातपुड्याच्या पाड्यावरची पोर, नर्सिंग शिकत होती. पालखीच्या वाटेवर औषधाच्या तंबूत माझ्या टाचेचा फोड धूत होती. बोलीवरून ओळखलं, म्हटलं, “माय, तू आपल्याकडची दिसते.” मग ती बोलत राहिली. “बाबा, पहिले सहा महिने वर्गात काही कळायचं नाही. सगळं इंग्रजी. मी ते शब्द मराठी अक्षरात लिहून पाठ करायची. पहिलं बाळंतपण पाहिलं त्या रात्री बाळ रडेचना. सिस्टरनं फडक्यानं पुसून पुसून त्याची पाठ चोळली, तेव्हा रडलं. मी कोपऱ्यात उभी राहून त्याच्यापेक्षा जास्त रडले.”

मग तिनं एकादशीची गोष्ट सांगितली, ती नीट ऐका. एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं निर्जळी धरली होती आणि साखरेच्या आजाराची गोळी मात्र नेमानं घेतली होती. पोटात अन्न नाही. दुपारी घाम फुटला, हात थरथरले, बोलणं बोबडं झालं. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं देहभान हरपलं. पोरीनं बोटाला टोचून पाहिलं, रक्तातली साखर पार उतरली होती. गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं बाबा उठून बसला आणि तिलाच रागावला, “पोरी, माझी एकादशी मोडली!” ती म्हणाली, “माझा आजाही असाच रागावला असता.”

आपल्या दिंडीत असे किती आहेत? गोळी चालू असेल त्यानं एकादशीच्या आधी डॉक्टरला विचारावं, उपास करावा का, गोळी किती घ्यावी. मनानं गोळी बंद करायची नाही आणि उपाशीपोटी मनानं घ्यायचीही नाही. निर्जळी मोडली म्हणून पांडुरंग कोणाला दारातून परत पाठवत नाही, हे मी माळ हातात धरून सांगतो.

तिनं सिकलसेलचंही सांगितलं. तो आजार आपल्या डोंगरात पुष्कळ आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात. अशा माणसानं पाणी भरपूर प्यावं, दमेपर्यंत चालू नये. म्हणजे वारीत त्याला ट्रकात बसवायचं, लाजवायचं नाही. आणि सोयरीक जमवताना हे झाकू नका. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला चारात एक वेळा हा आजार व्हायचा धोका असतो. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पत्रिका बघायला गुरुजीकडे जाता, तसं तिथंही जाऊन या.

तर माझी मागणी अशी. यंदा प्रस्थानाच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या आजाराची आणि गोळ्यांची चिठ्ठी दिंडीचालकांकडे द्यावी, एक स्वतःच्या पिशवीत ठेवावी. लिहिता येत नसेल त्यानं पोराकडून लिहून घ्यावी. आणि मुक्कामावर हरिपाठ झाला की दहा मिनिटं पेटीवाल्या ताईला बोलू द्यावं. तिचंही घर कुठं, शिकली कशी, हेही कोणीतरी विचारावं. विणेकरी बुवांना मी आधीच विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, तेवढा वेळ वीणा हळू वाजवतो.