कंपनी 'माणूस' असते, पण कधी?

आज जरा माझंच रडगाणं ऐका. आधीच्या नोकरीत माझा दोन महिन्यांचा पगार बुडाला. छोटी स्टार्टअप होती, नाव घेत नाही. फंडिंग आटलं आणि एका शुक्रवारी सगळ्यांचे लॉगिन बंद. फाउंडरला फोन केला तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "अरे, तुझे पैसे मी नाही, कंपनी देणं लागते." वकिलाकडून नोटीस पाठवली, ती परत आली. त्या पत्त्यावर आता जिम आहे.

राग आला. पण कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचं बोलत नव्हता.

लंडनमध्ये सॉलोमन नावाचा एक बूट बनवणारा होता. त्याने धंद्याची कंपनी केली. २०,००७ शेअर, त्यातले २०,००१ ह्याचे, बाकी सहा घरच्यांचे, प्रत्येकी एक. कंपनी बुडाली. ज्यांची उधारी अडकली त्यांचं म्हणणं, कंपनी म्हणजे सॉलोमनच की! १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, नाही, कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यातही तेच आहे. कंपनी स्वतःच्या नावावर मालमत्ता घेते, करार करते, केस करते, तिच्यावरही केस होते.

आणि हे वाईट नाही हं. तुमच्या डीमॅटमध्ये एखाद्या कंपनीचे दहा शेअर असतील आणि ती बुडाली, तर बँक तुमच्या दारात येत नाही. ही भिंत नसती तर धंद्यात पैसे लावायला कोण धजावलं असतं?

पण मग माणसाचे सगळेच हक्क तिला द्यायचे का? आपल्या राज्यघटनेत कलम १४, म्हणजे कायद्यापुढची समानता, 'कोणत्याही व्यक्तीला' आहे. ती कंपनीलाही मिळते. कलम १९, भाषण स्वातंत्र्य वगैरे, फक्त 'नागरिकांना'. आणि कंपनी नागरिक नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच सांगितलंय.

खरी गंमत पुढे आहे. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने १४ बँका ताब्यात घेतल्या. बँका नागरिक नाहीत, मग कोर्टात कोण गेलं? रुस्तम कूपर, शेअरहोल्डर म्हणून. १९७० मध्ये कोर्ट म्हणालं, शेअरहोल्डरच्या स्वतःच्या हक्काला धक्का लागत असेल तर त्याचं ऐकावं लागेल. तर्क पटतो मला. पण माझा फाउंडर आठवतो. हक्क मागायचा असेल तर मालक भिंतीच्या पुढे येऊ शकतो, देणं द्यायची वेळ आली की भिंतीच्या मागे.

शिक्षेचंही तसंच. कंपनीला तुरुंगात कसं टाकणार? ज्या गुन्ह्याला तुरुंगवास सक्तीचा आहे त्यात कंपनीवर खटलाच चालणार नाही, असं कोर्टाने २००३ मध्ये म्हटलं होतं. २००५ मध्ये ते फिरवलं. खटला चालेल, पण शिक्षा फक्त दंडाची. तेही ३ विरुद्ध २ मतांनी.

आता पैशाचं बोलू. पूर्वी कंपनीला राजकीय पक्षाला देणगी देताना मर्यादा होती, आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. २०१७ मध्ये ती काढली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. विचार करा, पगाराला पैसे नाहीत, देणगीला आहेत! १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोख्यांसोबत हा बदलही रद्द केला. त्याचं एक कारण मला फार आवडलं: देणगीच्या बाबतीत कंपनी आणि माणूस यांना एकाच मापाने मोजलं, हेच मनमानी आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये जवळजवळ उलटी वाट धरली होती. निवडणूक प्रचारावर कंपन्यांनी स्वतंत्रपणे केलेला खर्च तिथे भाषण स्वातंत्र्यात धरला गेला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले नव्या सर्व्हिसला लागतील तेवढ्याच परमिशन देतो. कोणी म्हणालं, "कटकट नको, अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस देऊन टाक," तर सिनियर झापतो. माझं मत तेच आहे. करार करायला, केस लढवायला कंपनी माणूस असू दे, नाहीतर मी तरी नोटीस कोणाला पाठवली असती? मत, प्रचार, देणगी इथे मात्र प्रत्येक परमिशन वेगळी मागावी, आणि का हवी ते सांगावं.

बाकी, एपिसोड संपला की तुमचं ऑफर लेटर उघडून बघा. सहीच्या वर काय लिहिलंय? 'च्या वतीने' असेल. माझ्यावरही होतं. जॉइन करताना मी वाचलं नव्हतं.