करवतीची सही



कामगार चळवळीत उभा जन्म गेलेल्या आमच्यासारख्याने लाकडी ‘जिगसॉ’ कोड्यांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण या खेळाचा इतिहास कारागिरांचाच इतिहास आहे.

१७६०च्या दशकात लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशा महोगनीच्या फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमारेषांवरून कापला. मुलांना भूगोल शिकवावा, हा हेतू. पुढे बारीक पात्याची, पायाने चालणारी करवत आली. तिचेच नाव या कोड्यांना मिळाले. १९०८ साली अमेरिकेत पार्कर ब्रदर्सने ‘पास्टाइम’ कोडी काढली. मागणी एवढी वाढली की, १९०९ साली कंपनीने बाकीचे खेळ बाजूला ठेवले. करवतीवर स्त्रिया बसत. प्रत्येकीने दिवसाला १,४०० तुकडे कापावेत, अशी अपेक्षा असे. दहा तासांचा दिवस धरला, तरी मिनिटाला दोनांहून अधिक!

जुन्या कोड्यांचा जाणता संग्राहक चित्राइतकाच काप पाहतो. आरंभीच्या पुष्कळ कोड्यांत तुकडे एकमेकांत अडकत नसत, नुसते शेजारी टेकत. टेबलाला धक्का लागला की सारे श्रम वाया. पुढे एकमेकांत गुंतणारे तुकडे आले. कसबी कारागीर रंग जेथे बदलतो, नेमक्या त्याच रेषेवरून करवत नेई. मग निळ्या आकाशाला लाल छप्पर लागून आहे, हे कळावे कसे? त्यातच पक्ष्याच्या, प्राण्याच्या आकाराचे तुकडे. आणि डब्यावर चित्र बहुधा नसेच.

१९२९नंतरच्या मंदीत अनेक बेकारांनी घरीच करवत मांडली. १९३२ साली फ्रँक वेअर व जॉन हेन्रिक्स या दोन बेकार तरुणांनी ‘पार’ कोडी सुरू केली. त्यांच्या कडा वाकड्यातिकड्या, आत गिऱ्हाइकाच्या नावाची आद्याक्षरे आणि खूण म्हणून एक समुद्रघोडा. त्याच सुमारास पुठ्ठ्याची, साच्याने ठोकलेली स्वस्त कोडी बाजारात आली. ती गरिबांच्या घरी पोचली, हे चांगलेच झाले. पण साच्याच्या हजार प्रती सारख्याच. हाताच्या कापात मात्र प्रत्येकाचे वळण निराळे असते.

चित्राखाली चित्रकाराची सही असते. कापणाऱ्या त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. त्यांची सही करवतीच्या वळणात राहिली आहे, आणि ती वाचणारे संग्राहक आहेत, ही आम्हांस समाधानाची गोष्ट वाटते. आपणही एखादी सुबक वस्तू हाती घेतलीत, तर एकदा ती उलटून पाहा. कोणाचा तरी हात तेथे सापडेल.