मातींतील अदृश्य प्रजा

परभणी जिल्ह्यांतील आमच्या बोरीची जमीन काळी, कापसाला मानवणारी. परंतु आमच्या विहिरीवरील डिझेल इंजिनाभोंवतीं वर्षानुवर्षें तेल सांडून माती चिकट झाली होती. तेथें हरळीसुद्धां उगवत नसे. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं मीं सुती कापडाच्या दोन चिंध्या घेतल्या. एक त्या जागीं पुरली, दुसरी बांधावर. दोन महिन्यांनीं उकरून पाहतों तों बांधावरच्या चिंधीचे चार धागे उरलेले. तेलकट मातींतील चिंधी मात्र बहुतेक जशीच्या तशी! कापूस कुजविणारी सूक्ष्म जीवांची प्रजा तेथें क्षीण झाली होती.

या प्रजेला अन्न, हवा आणि ओल हवी. तेल म्हणजे मुख्यत्वें कर्ब व हायड्रोजन. तें खाणारे जंतु मातींत असतातच. पण त्यांच्या वाढीस नत्र आणि स्फुरदही लागतात, आणि तीं तेलांतून मिळत नाहींत. म्हणून मीं प्रथम इंजिनाची गळती थांबविली, माती खणून मोकळी केली, तींत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळलें व ओल राखली. नुसता कोरडा भुसा घातला असता तर तो कुजवितांना जंतूंनीं असलेला नत्रही अडवून ठेवला असता. तिसऱ्या पावसाळ्यांत हरळी आली आणि नवी पुरलेली चिंधीही कुजली.

नागपूर येथें १९५८ सालीं स्थापन झालेल्या व आज 'नीरी' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें हेंच तत्त्व गुमगांवच्या मँगनीज खाणींतील उजाड ढिगाऱ्यांवर योजिलें. साखर कारखान्यांत रस गाळल्यावर उरणारा गाळ, म्हणजे प्रेसमड, त्यांनीं तेथें मिसळला. रोपांच्या मुळांशीं रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर व उपकारक बुरशी दिली, आणि खडकाळ ढिगाऱ्यांवर झाडें उभीं राहिलीं.

परंतु एक भेद विसरूं नये. तेल जंतु खाऊन टाकतात. शिसें वा कॅडमियम त्यांना खातां येत नाहीं. खत त्यांना फार तर बांधून ठेवतें. जळक्या इंजिन तेलांत असे धातु असूं शकतात. सूनबाईंनीं त्या हिरव्या जागेंत मेथी लावण्याचें मनांत आणलें, तेव्हां मीं म्हटलें, "आधीं माती प्रयोगशाळेंत तपासूं, तोंवर शेवंती लाव."

ज्यांच्या परसांत मोटार दुरुस्त होते, त्या शहरवासी श्रोत्यांनींही एक चिंधी पुरून पाहावी. पण हिरवळ दिसली म्हणजे विष गेलें असें मात्र समजूं नये.