बोट उभी कशी राहते?



मागच्या महिन्यात खाडीपलीकडच्या गावात गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशोब झाला, चहा आला आणि एका ताईंनी विचारलं, "मॅडम, सुई पाण्यात टाकली की तळाला जाते. मग एवढं लोखंडाचं जहाज वर कसं राहतं?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्यातल्या कितीतरी जणी बाजाराला, बँकेत, दवाखान्यात जायला होडीत बसतात. म्हणून आज बोटींबद्दल बोलू या.

घरी करून बघा. मोठ्या टोपात पाणी घ्या आणि त्यात स्टीलची पसरट वाटी अलगद ठेवा. वाटी तरंगते. तीच वाटी पाण्याने भरली की बुडते. स्टील तेच, पण रिकामी असताना वाटी आपल्या आकाराने बरंच पाणी बाजूला सारते, आणि जेवढं पाणी सारलं तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका भार पाणी पेलतं. जहाज म्हणजे अशीच मोठी पोकळ वाटी. सुईला पोकळी नाही, म्हणून ती खाली जाते. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण तरंगणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. बोटींचे कितीतरी अपघात ती तरंगत नव्हती म्हणून होत नाहीत. ती कलंडते, आडवी होते, पाणी आत शिरतं आणि मग ती बुडते.

आता त्या वाटीत एक लिंबू ठेवा आणि वाटीला बोटाने हळूच कलवा. लिंबू घरंगळत कललेल्या बाजूला जातं आणि वाटी आणखी कलते. त्याऐवजी तेवढ्याच वजनाचा पिठाचा गोळा मधोमध चिकटवा. वाटी कलवली तरी परत सरळ होते. वजन तेवढंच, पण एक हलतं आणि एक जागेवर राहतं.

बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचं पोट पाण्यात जास्त जातं. तिथे पाणी वर जास्त रेटतं आणि बोटीला पुन्हा सरळ करतं. हे घडायला बोटीचं वजन खाली आणि मधोमध असावं लागतं. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन चालणाऱ्या बाईला हे मी काय सांगायचं? वरचा हंडा भरलेला आणि खालचा रिकामा, असं कुणी नेईल का? पण बोटीत आपण नेमकं तेच करतो. खाली उकडतं म्हणून सगळे वर जाऊन उभे राहतात. जुने नावाडी रिकाम्या गलबताच्या तळाशी दगड-वाळू भरत. त्याला नीरम म्हणतात. वजन वाढवायचं ते बोट स्थिर राहावी म्हणून. ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे.

हे न पाळल्यामुळे एक फार मोठं जहाज बुडालं. युरोपातल्या स्वीडन देशाच्या राजाने 'वासा' नावाचं लढाऊ जहाज बांधून घेतलं होतं. वर तोफांचे दोन मजले, भरपूर कोरीव काम, थाटमाट मोठा. पण अंग अरुंद आणि तळाचं वजन अपुरं. निघण्याआधी तपासणी म्हणून ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की तपासणी थांबवावी लागली. जहाज धोक्याचं आहे हे तिथे उभ्या असलेल्यांना दिसलं होतं. पण राजाला घाई होती आणि थांबा म्हणायला कुणी पुढे आलं नाही. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून ते निघालं. दीड किलोमीटरही गेलं नसेल, तोच वाऱ्याच्या झोताने कललं. तोफांसाठी ठेवलेल्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं आणि किनाऱ्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत ते बुडालं. १९६१ साली ते वर काढलं. आज ते तिथल्या संग्रहालयात आहे.

आणखी एक गोष्ट हलते, तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ती म्हणजे बोटीत साचलेलं पाणी. परातीत दोन तांबे पाणी घेऊन चालून बघा. जरा हात कलला की सगळं पाणी एका कडेला धावतं आणि परात हातातून ओढली जाते. तेच दोन तांबे कळशीत असले तर काही होत नाही. पसरट जागेतलं पाणी फार ओढ घेतं. म्हणून मचव्यात घोटाभर पाणी साचलं तर "एवढ्याने काय होतंय" म्हणू नये, आधी ते उपसावं.

आपल्याकडे २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट चालते. तिच्यात गाड्या थेट आत जातात. गाड्यांचा मजला म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी परातच. म्हणून अशा बोटींच्या दरवाज्यांचे नियम कडक असतात. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेल्या अशाच एका इंग्लिश बोटीचा पुढचा दरवाजा लावायचा राहिला. गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि काही मिनिटांत बोट आडवी झाली. १९३ माणसं गेली. दरवाजा लावला की नाही, हे बघून वर कळवायची पद्धतच तिथे नव्हती.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. रेवस, अलिबाग भागातल्या मैत्रिणींनी 'रामदास' बोटीचं नाव घरात ऐकलं असेल. ही बोट ज्या कंपनीची होती, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. परक्या कंपन्यांच्या बोटींना तोंड द्यायला आपल्या माणसांनी सहकारी तत्त्वावर काढलेली ती कंपनी. बोटींना नावं दिली तुकाराम, रामदास. आपण बचत गटवाल्या, त्यामुळे मला त्या 'माझी' शब्दाचं विशेष वाटतं.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ संपत आला होता, दिव्यांची अवस आली होती, माणसं मुंबईहून गावाकडे निघाली होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रामदास रेवसला निघाली. बोटीत सुमारे सातशे माणसं. पाऊस आणि वारा वाढला. काशाच्या खडकाच्या आसपास मोठी लाट आली आणि बोट एका अंगाला कलली. घाबरलेली माणसं जीव वाचवायला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावली. वाटीतलं लिंबू आठवा. पुन्हा लाट आली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कळेपर्यंत दुपार झाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काही जणांना वाचवलं.

त्या माणसांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. बोट कलली की पळावंसं वाटणारच, मलाही वाटेल. पण आधीपासून ठाऊक असेल तर एखादी तरी बाई ओरडून सांगेल, "बसा, खाली बसा!" कललेल्या बोटीत जागेवरच खाली बसायचं. उभं राहिलं की वजन वर जातं, आणि पळालं की वजन हलतं.

बोटीत किती भार घालायचा, यालाही मोठी लढाई करावी लागली. इंग्लंडमध्ये जुन्या जहाजांचा विमा उतरवून मालक ती गच्च भरून पाठवत. बुडालं तर विम्याचे पैसे मिळत, मरत खलाशी. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या खासदाराने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर खूण रंगवणं सक्तीचं झालं. कधी बंदरात मोठं जहाज दिसलं तर बघा, बाहेरच्या अंगावर एक गोल आणि त्याच्यामधून आडवी रेघ असते. तिला प्लिम्सॉलची रेघ म्हणतात. ती पाण्याखाली गेली म्हणजे माल जास्त झाला. शेजारी आणखी रेघा असतात, कारण गोड्या पाण्यात जहाज खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त बुडतं. मिठाच्या पाण्यात अंडं वर येतं, तोच प्रकार.

आपल्या लहान लाँचवर अशी रेघ दिसली नाही तरी किती माणसं घ्यायची हे परवान्यात ठरलेलं असतं. ती संख्या विचारायचा आपल्याला हक्क आहे. एकटीने विचारलं की तांडेल म्हणतो, "भीती वाटते तर उतर." हे मी ऐकलेलं आहे. गटातल्या दहा जणींनी धक्क्यावर उभं राहून विचारलं की तो दुसरी फेरी करतो. तेही पाहिलेलं आहे. मासळीच्या पाट्या, सिमेंटच्या गोण्या तळाशी आणि मध्ये ठेवायला सांगा. टपावर काहीच नको, माणसंही नकोत.

आणि जाकीट. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ जण गेले. बोटीतल्या कितीतरी जणांच्या अंगात जाकीट नव्हतं. बोटीवर जाकिटं असतात, पण कुठे? छताला बांधलेली, नाहीतर बसायला घेतलेली! बोट कलल्यावर ती सोडवायला वेळ मिळत नाही. ती आधीच घालायची असतात. पदर कमरेला घट्ट खोचा, जाकीट पदरावरून घाला आणि सगळे पट्टे आवळा. एकही सैल ठेवू नका. लहान मुलाला मोठ्याचं जाकीट घालू नका, पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. लहान मापाचं मागा. नसेल तर तांडेलाला आणायला लावा आणि तोवर त्या बोटीत मुलाला बसवू नका.

साडीवर केशरी जाकीट बरं दिसत नाही, असं एक ताई म्हणाल्या. खरंच दिसत नाही. पण पाण्यात पडलेली बाई लांबून दिसावी म्हणूनच त्याचा रंग तसा भडक असतो.

पुढच्या बैठकीला येताना एक टोप, स्टीलची वाटी आणि दोन-तीन लिंबं घेऊन या, मुलांनाही आणा.