कडबाकुट्टीचे यंत्र घेताना



आपल्या वाशी-भूम भागात ज्वारीच्या जोडीला दूध आणि खवा आहे. तेव्हा पुष्कळजण विचारतात, "कडबाकुट्टीचं लहानसं यंत्र घेऊन शेजाऱ्यांचाही कडबा तोडून दिला, तर चार पैसे सुटतील का?" सुटतील. पण दुकानात जाण्यापूर्वी घरी हिशेब मांडावा.

अख्खी पेंढी टाकली, की जनावर पाला खाते नि धाटे तुडवते. कुट्टीने ही नासाडी कमी होते. दोन जनावरांपुरते हातचाकाचे यंत्र पुरे. भाड्याने काम करायचे, तर 2 अश्वशक्तीची मोटार पाहावी. पूर्ण भारावर ती तासाला दीड युनिटाहून अधिक वीज घेते. वीज, पात्यांची धार, मजुरी आणि कामाविना जाणारे दिवस, हे सारे धरून दर ठरवा.

आता मुख्य गोष्ट. यंत्राचे रूळ वैरण आत ओढतात, तसाच हातही ओढतात. म्हणून वैरण सारायचे पन्हाळ लांब हवे, पात्यांवर नि पट्ट्यावर झाकण हवे, रूळ झटकन थांबवून उलटे फिरवणारा दांडा हाताशी हवा. झाकणाविना यंत्र स्वस्त मिळेल. पण वाचलेले पैसे बोटांनी फेडावे लागले, तर तो कसला जोडधंदा?

सैल बाही, लोंबता पदर यंत्राजवळ नको. अडकलेली वैरण मोटार बंद केल्यावरच काढा. आणि गुरुजी, मुलांना वर्गात एवढे बजावाच : कुट्टी चालू असताना त्या बाजूला फिरकू नका.