टॉनिक मारण्याआधी



हरभऱ्याचे शेंडे खुडायला आपल्यातली कोण गेली नाही? पीक महिन्याभराचं झालं की शेंडे खुडायचे, ओटीत भरायचे, घरी भाजी करायची. वर झाडाला फुटवेही जास्त येतात. कारण शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे मोकळे. संप्रेरक म्हणजे झाडाच्या अंगातला निरोप्या. असतो चिमूटभर, पण झाड चालतं त्याच्या निरोपावर.

आज बोलायचंय सोयाबीनवर. पीक फुलावर आलं की गटातल्या बायका विचारतात, "ताई, दुकानदार टॉनिक देतोय, मारावं का?" गटातून उचललेले पैसे त्या बाटलीत जातात, म्हणून हा विषय.

वाढीच्या टॉनिकात बऱ्याचदा जिबरेलिक ॲसिड असतं. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जपानात भाताला एक रोग पडायचा. रोपं भराभर उंच व्हायची, पिवळी पडायची आणि लोळायची. तिकडचे शेतकरी त्याला 'खुळं रोप' म्हणायचे. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञानं दाखवलं, की एक बुरशी जे द्रव्य सोडते त्यानं रोप असं वाढतं. त्या बुरशीवरूनच जिबरेलिन हे नाव पडलं. निरोगी झाडातही ते असतं, पण मापात. नाशिककडं द्राक्षाचे मणी लांबवायला ते वापरतात, तिथं त्याचं काम आहे. सोयाबीनची गोष्ट वेगळी.

आता दुसरा निरोप्या बघा. अळीनं पान कुरतडलं की काही मिनिटांत झाडात जास्मोनिक ॲसिड वाढतं. त्याचा निरोप एकच, राखण कर. मग झाड पानात असा पदार्थ भरतं, की अळीनं खाल्लं तरी तिला नीट पचत नाही. आपण सोयाबीन भाजून किंवा उकडूनच दळणात घालतो ना? कच्च्या दाण्यात याच जातीचा पदार्थ असतो, म्हणून. रोगाशी लढताना बहुतेक वेळा सॅलिसिलिक ॲसिड पुढं येतं, ते ॲस्पिरिनच्या गोळीचं जवळचं नातलग.

हे निरोपे एकमेकांना ओढतात. झाडात डेला नावाची प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात आणि तीच जास्मोनिकच्या कामाला हात देतात. जिबरेलिन वाढलं की डेला मोडतात. वाढ सुटते आणि अळीविरुद्धची राखण ढिली पडते. आधी शास्त्रज्ञांना वाटायचं, झाडाची पेटी आपल्या गटासारखीच, एकीकडं दिलं की दुसरीकडं उरत नाही. पण २०१६ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपाची जनुकं बदलून वाढ आणि राखण दोन्ही एकदम चालवून दाखवली. म्हणजे नुसती पेटी रिकामी असणं हे कारण नाही, निरोपही तसा जातो. अर्थात ते प्रयोगशाळेतलं रोप, आपल्या शिवारातलं नाही.

बाटली न मारताही हे घडतं. दाट पेरलं की शेजारच्या पानांवरून आलेल्या उजेडावरून झाडाला गर्दी कळते. ते उंच व्हायला धावतं, राखण मागं पडते. म्हणून दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर सांगतात. बी जास्त टाकलं की पीक जास्त, हा हिशोब सोयाबीनला लागू नाही.

तेव्हा भारी काळ्या रानात, पाऊस चांगला असताना, युरिया पडलेला असताना पीक कमरेला लागलं असेल तर वाढीचं टॉनिक मारू नका, असं माझं स्पष्ट मत. आधी पानं उलटून अळी बघा. शंका आली तर तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात फांदी घेऊन जा.

आणि लेबल वाचा. जिबरेलिक ॲसिड १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतं, जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली. बाटलीत काय आणि किती टक्के, हे छापलेलं नसेल तर ती परत द्या. पक्की पावती मागायला लाजू नका.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या टॉनिकच्या बाटलीचा मोबाईलवर फोटो काढून आणा, लेबल स्पष्ट दिसेल असा. हप्ते जमा झाले की एकेक लेबल मोठ्यानं वाचू.