डीपीचा सा

आधीच सांगून टाकतो, मागे जी बारीक घूं ऐकू येतेय ती माईकची खराबी नाही. मी निरवांगीत आमच्या मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत बसलोय आणि वीस पावलांवर डीपी आहे. हा डीपी या एपिसोडमधलं एक पात्र आहे, त्यामुळे तो आवाज एडिट केलेला नाही.

विषय आहे व्हायोलिन. मी सव्विसाव्या वर्षी शिकायला घेतलं. आता अठ्ठावीस पूर्ण होतील. आणि मला अजून नीट येत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे "तीस दिवसांत शिका"वाल्यांनी इथूनच निघालं तरी चालेल.

सुरुवात आबांमुळे झाली. आबा म्हणजे माझे आजोबा, वय ऐंशी. आयुष्यभर भजनी मंडळात गायले. आमच्याकडची मंडळी काळी चारात गातात, म्हणजे चांगलीच उंच पट्टी. आबांचा आवाज वयानं खाली उतरत गेला. पेटीवाल्यानं एक-दोनदा पट्टी उतरवली, पण बाकीच्यांना खालून गाता येईना. मग आबांनी गाणं सोडलं आणि मागं बसून नुसते टाळ वाजवायला लागले. कुणी त्यांना गप्प बसवलं नव्हतं. तेच हळूहळू मागं सरकले.

मला वाटलं, यांच्या आवाजाखाली जाईल असं एखादं वाद्य आपणच शिकू. पेटी का नाही? तर त्या आठवड्यात यूट्यूबवर प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकलं होतं. जोग म्हणजे गीतरामायणापासून सुधीर फडक्यांच्या साथीला असलेले. त्यांच्या वाजवण्यात शब्द ऐकू येतात, अक्षरशः. बाराव्या वर्षापासून हा माणूस पुण्याच्या वाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळावर कार्यक्रम करायचा. मी बाराव्या वर्षी काय करत होतो? स्कॉलरशिपची गाईडं पाठ करत होतो. जाऊ दे.

बारामतीत एक सर मिळाले. दर रविवारी सकाळी क्लास. माझ्या बॅचमध्ये सगळी चौथी-पाचवीची पोरं. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, "काका, तुमचं बाळ कुठंय?"

पहिले तीन महिने फक्त गज ओढणे. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात, त्यांना राळ घासायची, नाहीतर तार बोलतच नाही. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर आणि दुसरं टोक छातीशी. दाब जास्त झाला की किर्रर्र, कमी झाला की शिट्टी. घरी रियाज सुरू केला तर शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "गाडीच्या आखाला वंगण घाला की ओ." म्हणून मी या मोटारीच्या खोलीत आलो. पुण्यात फ्लॅटवर रबरी म्यूट लावून वाजवतो, तरी रूममेट हेडफोन घालतो.

आता इंजिनिअरिंगचा भाग. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या. व्हायोलिनला काहीच नाही. तारेची वाजणारी लांबी साधारण साडेबत्तीस सेंटीमीटर. तारेच्या सुरुवातीला दोन लगतच्या सुरांत जेमतेम अठरा मिलिमीटर अंतर, म्हणजे बोट एक मिलिमीटर सरकलं तरी सूर हलल्याचं कानाला कळतं. वर जाल तसं हे अंतर आणखी कमी होतं. आणि इथंच मोठ्या माणसाची गोची आहे. त्या पोरांना आपण बेसूर वाजवतोय हे कळत नाही, ती मजेत असतात. मी वीस वर्षं गाणी ऐकलेली. कान तयार, हात पहिलीत. प्रत्येक सेकंदाला कळतं की आपण किती वाईट वाजवतोय.

मग मी जे कुणीही सॉफ्टवेअरवाला करेल ते केलं, ट्यूनरचं ॲप घेतलं. हिरवा दिवा लागला की बरोबर. सरांना कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांनी तानपुरा लावला आणि म्हणाले, "डोळे मिट आणि गंधार शोध." खाली-वर करत एका जागी बोट थांबलं आणि सगळी खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटली. डोळे उघडले तर ॲपवर लाल. तानपुऱ्यात विरघळणारा शुद्ध गंधार ॲपच्या गंधारापेक्षा चौदा सेंटनं खाली असतो. एका लहान स्वरांतराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. ॲप बारा सारखे तुकडे करून मोजतं, कान वेगळं मोजतो. मी चार महिने हिरव्या दिव्यासाठी गंधार चढा वाजवत होतो.

आता डीपी. इथं रियाजाला बसायचो तेव्हा तानपुरा ॲप पांढरी पाचवर ठेवायचो आणि कायम काहीतरी खुपायचं. सुरांत वॉव-वॉव अशा लाटा यायच्या. एक दिवस ट्यूब पेटली. आपली वीज पन्नास हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झवर घुमतो. त्यावरचं सप्तक 200. पांढरी पाच आहे 196. चारचा फरक, म्हणून सेकंदाला चार लाटा! शेवटी तानपुरा बंद केला आणि तारा थेट डीपीला जुळवल्या, सा-प-सा-प. महावितरणचा फुकट सा. लाईट गेली की सा गेला.

हे सगळं मी तुम्हाला हसत सांगतोय, पण मी एक चूक करत होतो. आबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हटलं, भूपातला एक अभंग पक्का बसला की एकदम सरप्राईज. दर महिन्याला वाटायचं, अजून नाही, अजून एक महिना. रियाजाची मिनिटं मी एक्सेलमध्ये मांडायचो. माझी रेष वर चाललेली. आबांच्या आवाजाची रेष मी मांडतच नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात ते न्युमोनियानं अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा बोलताना मधेच थांबायला लागायचं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा ते एक्सेल उघडलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांना हळूहळू चालवत इथं आणलं. लाईट नव्हती, म्हणजे डीपीही गप्प. मी पेटी बघून काळी एकला जुळवलं, प-सा-प-सा. वरची तार बरीच ढिली करावी लागते, आवाज थोडा बसका होतो. मला तर तो आबांसारखाच वाटला. म्हटलं, "आबा, तुम्ही म्हणा, मी मागनं येतो."

"हे कवापासनं?" एवढंच विचारलं त्यांनी.

सर म्हणतात, गाणारा जिथं श्वास घेतो तिथं गज फिरव, म्हणजे शब्द तुटत नाहीत. पण आबांचा श्वास कुठंही तुटत होता, शब्दाच्या मधेसुद्धा. मी गज तिथं फिरवत गेलो. एकदा माझं बोट घसरलं, एकदा ते ओळ विसरले. दुसऱ्या कडव्यात हात थरथरायला लागला आणि किर्रर्र झालं, तेच पहिल्या महिन्यातलं. आबा थांबले नाहीत.

संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गंधार जरा खाली ठिव. चढतोय तुझा."

एका सुरात ॲपचा सगळा हिशोब काढला त्यांनी.

त्यानंतर आम्ही आठवड्यातून एकदा बसतो, मी गावाकडं असलो की. मंडळात नाही, इथंच. कधी दोन कडवी होतात, कधी एकच. आता जे ऐकवतोय ते गेल्या शनिवारचं फोनवरचं रेकॉर्डिंग आहे. चुका आहेत त्यात, काढलेल्या नाहीत. शेवटी "खट्ट" असा आवाज येईल, ती लाईट आली. त्यानंतर आबा काय म्हणतात ते नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून देतो.

[रेकॉर्डिंग]

"आधी मोटर चालू कर. मग घेऊ परत."